न बोललेल्या प्रार्थनेचं मराठी

१४ नोव्हेंबर १९८३, सोमवार

हे कोणाला सांगणार नाही असं कबूल केलंय. तरी लिहिते.

सकाळी बंगल्यावर गेले तर मिससाहेब व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. शनिवारच्या अलोऱ्याच्या सभेची तयारी करायची होती. मी बायबलमधला शास्त्रभाग काढून नेला होता. त्या म्हणाल्या, "करुणा, मला प्रार्थना करता येत नाही."

मला वाटलं, घसा बसला. आल्याचा काढा आणू का विचारलं. काय मूर्ख मी!

त्यांचा धाकटा भाऊ टॉम. तिकडे स्कॉटलंडला मासेमारीच्या बोटीवर होता. मागच्या हिवाळ्यात बोट सापडली, टॉम नाही. तेव्हापासून डोळे मिटले की आत काहीच नसतं, म्हणाल्या. इथे आल्यापासून म्हटल्या त्या सगळ्या प्रार्थना पुस्तकातल्या, पाठ केलेल्या. मी त्यांची दुभाषी. एक वाक्य त्यांचं, एक माझं. इतके दिवस मी ज्या वाक्यांनी भारावून मराठी करत होते, ती...

तिकडच्या मंडळीने त्यांना इथल्या लहान मंडळ्यांना उत्तेजन द्यायला धाडलं. बी.ए. होऊन मी याच कामासाठी थांबले होते, असं परवाच आईला ऐटीत सांगितलं.

अलोऱ्याची सभा झाली की पाळकसाहेबांना सांगून परत जाणार, म्हणाल्या. "तोवर टॉमचं कोणाला सांगू नको." नाही सांगणार म्हणाले.

मिशनरीलाच प्रार्थना येत नसेल तर आम्ही...

१६ नोव्हें., बुध.

दोन दिवस जेवण जात नाही. आई म्हणते, "घरातली पहिली ग्रॅज्युएट झालीस, पण चेहऱ्यावरचं लपवायला शिकली नाहीस. काय झालंय?" काही नाही म्हटलं. "मग तुझ्या मडमिणीला काय झालंय? काल भाकरी पाठवली ती तशीच परत आली."

बाबा चर्चच्या किल्ल्या पुसत बसले होते. राखणदारी त्यांची, पण चर्च त्यांचंच असल्यासारखी. म्हणाले, "माणूस परमुलखात एकटं असलं की असं होतं. बोलव एकदा घरी."

टॉमचं ओठावर आलं होतं. गिळलं.

मि.सा.साठी प्रार्थना करायला बसले. सुचेना. मलाही लागण झाली की काय?

१९ नोव्हें., शनि.

क्रमाने लिहायला हवं, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

अलोऱ्याच्या कॉलनीतला हॉल. बाके मांडलेली, मी रंगवलेला फलक लावलेला. आली दोन कुटुंबं, आणि किल्लीवाले गृहस्थ, ते कुलूप लावायचं म्हणून बसलेले. पोफळीच्या वीजकेंद्रातली मंडळी पाळीवर. पाळकसाहेब चिपळुणात अडकलेले. मि.सा.नी पुस्तकातली प्रार्थना म्हटली, मी मराठी केली. आता मला ठाऊक होतं ना, म्हणून माझा आवाज इतका पोकळ आला की एका बाईंनी मलाच पाणी दिलं.

परतताना फाट्यावर एस.टी. चुकली. तिथे वालाच्या शेंगांची टोपली घेऊन एक म्हातारी बसलेली. मि.सा.ना वरपासून खालपर्यंत पाहून मला विचारलं, "ही गोरी बाय कोन? डाक्टरीन?"

म्हटलं, नाही काकी, लोकांसाठी प्रार्थना करायला आल्यात.

"म्हंजे गाऱ्हानं घालतात?"

गाडी येते का बघण्याच्या नादात मी म्हटलं, "हो, तसंच काहीतरी."

या एका 'तसंच'ने सगळं झालं. काकी उठलीच. भागीरथी नाव. तिचा मुलगा गणपत मुंबईला गिरणीत होता. गिरणी बंद पडली, मनीऑर्डर थांबली, मग कागदही थांबला. सोबतच्यांना विचारलं तर कोणालाच पत्ता नाही. "देवीपुढं दोनदा गाऱ्हानं घातलं बाय. सून सकाली कुकवाचा करंडा घेऊन इचारते, आत्ये, लावू का? काय सांगू तिला? चल, गाडी यायला लई येल हाय."

मि.सा.ना सांगितलं. त्या म्हणाल्या, नाही म्हण. पण काकीने त्यांचा हात धरला होता. हात धरलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, ते इंग्रजीत असेल, आमच्यात नाही.

वाडी जवळच. अंगणात बघता बघता बायका जमल्या, दोन-तीन म्हातारे, त्यात देवीपुढे गावाचं गाऱ्हाणं घालणारे दाजी. काकीने नारळ आणून ठेवला. मि.सा.पुढे नाही, माझ्यापुढे! मराठीत बोलणार ती मी, म्हणजे गाऱ्हाणं घालणारी मी.

पुस्तक पिशवीत, पिशवी फाट्यावर पानवाल्याकडे. मि.सा.नी डोळे मिटले. म्हणाल्या, "स्वर्गीय बापा." मी मराठी केलं. मग काही नाही.

वाट पाहिली. एक डोळा उघडून पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. अंगणातल्या सगळ्यांचे डोळे उघडे, हात जोडलेले, नजर माझ्यावर. काकी हळूच म्हणाली, "म्हन गो बाय."

आणि मी म्हटलं. न बोललेल्या वाक्याचं मराठी करायला लागले.

म्हटलं, बापा, या माऊलीचा गणपत मुंबईला गेला तो आला नाही.

"व्हय महाराजा!" सगळे एकदम ओरडले. मी दचकून मागेच सरले. दर गाऱ्हाण्याला असं म्हणतात, लहानपणी लांबून ऐकलंय. पण आमच्या प्रार्थनेत!

थांबता येईना. म्हटलं, घरात सून वाट बघते. व्हय महाराजा. त्याला भूक असेल तर कोणाच्या तरी हातून खायला घाल. व्हय महाराजा. आणि मग माझ्याच तोंडून: या बाईचा भाऊ दर्यावर गेला तोही आला नाही. दोघांची वाट तुला ठाऊक आहे, आम्हाला नाही.

"व्हय महाराजा" या वेळी हळू आलं. बायका मि.सा.कडे बघत होत्या. काकीने पदराने त्यांचा चेहरा पुसला. त्या रडत होत्या, पण काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं.

मी शब्द मोडला. प्रार्थना बनवली. आणि इतकं मनापासून मी आयुष्यात काही बोललेली नाही. यातलं खरं कोणतं?

२० नोव्हें., रवि.

उपासनेनंतर मि.सा.नी विचारलं, "काल मी काय म्हणाले?"

सगळं इंग्रजीत सांगितलं. भूक लागली असेल तर, याला त्या थोड्या हसल्या. 'दर्यावर'पर्यंत आले तशा उठून उभ्या राहिल्या.

"तू त्यांना टॉम दिलास."

क्षमा मागितली. ऐकलं की नाही कळलं नाही. आत गेल्या, दार लावलं. जोरात नाही. जोरात लावलं असतं तर बरं.

२२ नोव्हें., मंगळ.

पाळकसाहेबांनी बोलावलं. अलोऱ्याच्या कोणाकडून तरी पोचलंच.

"नारळ कोणापुढे ठेवला?"

"माझ्यापुढे."

"परत दिलास?"

"नाही. काकीने फाट्यावर येऊन पिशवीत घातला. आईने वाटणात..."

पा.सा.नी चष्मा काढला. ओरडतील वाटलं होतं. ते हळू बोलले, ते जास्त लागलं. "करुणा, तुझ्या आजोबांनी हे सोडलं तेव्हा त्यांना गावाच्या विहिरीवर येऊ दिलं नव्हतं. लोकांनी काय काय सोसून बाहेर पाऊल टाकलं, आणि तू शिकलेली मुलगी ते परत आत घेऊन येतेस?"

त्यांचंही खरं आहे. येत्या रविवारी मंडळीचे पंच बसणार. मी दुभाषी राहायचं की नाही ते तेव्हा ठरेल. मि.सा.ची प्रार्थना निघालीच नव्हती, हे मात्र सांगितलं नाही. एकदा शब्द मोडला, दुसऱ्यांदा नाही.

२४ नोव्हें., गुरु.

मि.सा.ची ट्रंक व्हरांड्यात. घड्या घालायला मदत केली. एक जाड लोकरी मोजा, पुरुषाचा, एकच. तो त्यांनी स्वतः ठेवला. जाता-येता "सलाम" तेवढं. त्या गेल्या तर आम्हाला धीर द्यायला आलेल्या बाईला आम्हीच रिकाम्या हाताने परत पाठवलं, असं होईल. बाकी कोणाला हे माहीतही नसेल.

२६ नोव्हें., शनि.

देवा!

बाबा चर्चच्या फाटकाशी गवत काढत होते. मला हाक मारली, "करुणा, तुझ्याकडे पाहुणे." बघते तर भागीरथी काकी, आणि मागे दाजी, धोतर सावरत. पहाटेच्या एस.टी.ने आलेले.

पहिलं विचारलं, गणपत आला?

"नाय बाय. अजून नाय. ती दर्यावाली बाय कुठं हाय?"

मला कळेचना. काम झालं नाही तरी आलात?

"काम झाल्यावर येतात ते नवस फेडायला. मी सोबतीला आले." मग पिशवीतून नारळ काढत, "आमचं गाऱ्हानं तिनं घातलं. तिचं कोन घालनार? इथं तिला मानूस कोन हाय?"

महिना झाला मी त्यांच्या शेजारी बसते आहे. हे मला सुचलं नव्हतं.

मि.सा. शेजारच्या बंगल्यातून बाहेर आल्या. सांगितलं तर पायरीवर बसूनच राहिल्या. दाजींनी नारळ चर्चच्या पायरीवर ठेवला. मी म्हणणार होते, इथे नको. बाबांकडे पाहिलं, ते अडवतील म्हणून. बाबा हातातला विळा खाली ठेवून उभे राहिले होते.

दाजी खणखणीत म्हणाले, "बा महाराजा, ही लेक परमुलखातनं आली, हिचा पाठचा भाव दर्यानं नेला..."

"व्हय महाराजा." माझे बाबा! चर्चच्या किल्ल्या कमरेला, आणि सर्वांत आधी आवाज त्यांचा. मी सुन्न.

मि.सा. म्हणाल्या, "मला इंग्रजीत सांग. सगळं." उलट दिशेने दुभाषी झाले. घरी येणार असेल तर वाट दाखव. तुझ्याकडे आला असेल तर त्याला जवळ घे. हिच्या जिवाला घोर लागलाय तो काढ. दर वाक्याला काकी नि बाबा. तिसऱ्या वेळी मि.सा.ही काहीतरी पुटपुटल्या. 'महाराजा' इतकंच ओळखू आलं.

दाजी थांबले. आणि मि.सा. बोलायला लागल्या. पुस्तक नाही. म्हणाल्या, "बापा, त्याला थंडी फार वाजायची."

मला मराठी करता येईना. काकीने कोपर मारलं, "काय म्हनली?" मग केलं.

"व्हय महाराजा," काकी म्हणाली.

तेव्हा दिसलं, फाटकात सायकल धरून पा.सा. उभे. केव्हापासून, ठाऊक नाही. प्रार्थना संपेपर्यंत हलले नाहीत. मग सायकल वळवून, न बसता, हाताने ढकलत निघून गेले.

आईने काकीला जेवूनच जाऊ दिलं. काकी म्हणाली, "वाटनात खोबरं कमी हाय गो." आई म्हणाली, "मागच्या खेपेला जास्त झालं होतं, त्याचा पंचांनी हिशेब मागितलाय!" बाबा हसले. मी नाही हसले. अजून धक्का उतरलेला नाही.

रात्री बाबांना विचारलं, तुम्ही कसे काय? म्हणाले, "माझा बाप विहिरीवरून हाकलला तेव्हा एकानेही तोंड उघडलं नव्हतं. दुसऱ्याच्या दुःखाला कोणीतरी होय म्हणायला लागतं, पोरी." बस, इतकंच.

२७ नोव्हें., रवि.

पंच आत बसलेत. दार ओढलेलं. मला थांबायला सांगितलंय, म्हणून पायरीवर बसून लिहिते आहे. माझं ठरायचंय. पा.सा. सकाळपासून माझ्याशी बोलले नाहीत. पण आज प्रार्थनेला मि.सा.नाच उभं केलं, आणि मला बोटाने खूण केली, ये. का, ते त्यांनाच ठाऊक.

ट्रंक अजून व्हरांड्यातच. कुलूप लावलेलं नाही. वरचा मोजा मात्र काढलेला दिसला. मि.सा.नी अलोऱ्याची गाडी किती वाजता सुटते विचारलं. आणि लगेच, मुंबईची? घरी जायला की गणपतला शोधायला, ते मी विचारलं नाही.

गणपतचा पत्ता नाही. काकीची सून आज सकाळी काय करते आहे कोण जाणे.

बाबा चहा घेऊन आत गेलेत. अजून बाहेर आले नाहीत.

मि.सा. शेजारी येऊन बसल्या. डोळे मिटलेत. ओठ हलतायत, आवाज नाही. या वेळी मी मराठी करत नाही.