रोजचंच

बाबा, परवा सदर भागातल्या मनाच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "आनंदाचा कुठलाही एक दिवस सांगा." मी म्हटलं, "उन्हाळ्यात आम्ही आजोळी जायचो." ते म्हणाले, "जायचो नको. एकच दिवस." मला एकही सापडला नाही. हे मी आपल्या घरात आधी पाहिलं आहे.

तुम्ही नरखेडची एसटी चालवायचात. ड्युटीवरून आलात की स्वयंपाकघरात पाटावर बसून त्या दिवसाचं सांगायचात: कोणाची बकरी गाडीत शिरली, कोणती म्हातारी तिकिटावरून भांडली. आई भाकरी थापता थापता हसायची. मग एका हिवाळ्यात मी विचारलं, "बाबा, आज काय झालं?" ताटाकडे पाहत तुम्ही म्हणालात, "काय होईन वं? रोजचंच." दुसऱ्या दिवशीही तेच, पुढेही तेच. आईनं एकदा काकुळतीला येऊन विचारलं, "काहून बोलून नाही राहिले? आपल्या लग्नातलं तरी काही आठवते का?" "लग्न झालं. होते तसं झालं." आई उठून मोरीत गेली, पण पाणी सांडल्याचा आवाज काही आला नाही. नंतर तुमचं कामावर जाणं सुटलं, मग जेवण, आणि पुढच्या पावसाळ्यात साध्या तापानं तुम्ही गेलात.

आता माझी मुलगी शाळेतून येऊन विचारते, "आई, आज काय केलंस?" आणि माझ्या तोंडून तुमचंच उत्तर निघतं. ती दप्तर ठेवून खेळायला जाते. तिच्या पाठमोऱ्या वेण्यांकडे बघताना तुमच्या पाटासमोर उभी असलेली मीच मला दिसते.

म्हणून आज दुपारी दार लावून शोधत बसले. बऱ्याच वेळानं एक सापडला. मी तुमच्या शेजारी, इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर पोतं टाकून बसले आहे. काटोलच्या पुढे टपावरून कासाराची बांगड्यांची पेटी पडते, रस्ताभर काचा होतात. तुम्ही गाडी थांबवून खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्या गोळा करता. कंडक्टर ओरडतो, "उशीर होऊन राहिला ना!" "होऊ दे गा. बाया येऊन राहिल्या अनवाणी." तुमच्या अंगठ्याला रक्त येतं, ते मला दाखवून तुम्ही हसता. बाबा, एवढाच एक. याच्या आगेमागे काही नाही, आणि हाही पुसला गेला तर काय, या भीतीनं मी तो पुन्हा पुन्हा म्हणून पाहते आहे.

घरी डॉक्टरांचं कोणालाच ठाऊक नाही. गांधीबागेच्या बाजारात कापड बघायला जाते म्हणून निघते, आणि खोटं उघडं पडू नये म्हणून दर वेळी एक ब्लाउजपीस घेऊन येते. कपाटात न शिवलेल्यांचा ढीग झाला आहे. तुम्हाला लिहिलेला हा कागद त्याच्याच खाली ठेवते.