दुपऱ्याचं खरं नाव

गुरुवार, दिवेलागण, घोडपदेव

मी सांगते, नात सायली लिहिते. मला अक्षर येत नाही, म्हणून ही बिनपगारी कारकून ठेवलीय.

सायली जुन्या गिरणीतल्या एका गोऱ्या इंजिनियरचा शोध घेतेय. आडनाव फ्रेंच, दुप्रे. तो कुठं मेला, कुठल्याच कागदात नाही. आज नाव ऐकलं आणि निवडायची मेथी हातातच राहिली. अगं, हा तर आमचा दुपऱ्या! चाळीमागच्या दगडाशी भर दुपारी खेळलो की आई ओरडायची, "दुपऱ्या धरील!" आम्हाला वाटायचं, दुपारी फिरतो म्हणून दुपऱ्या.

त्याच दगडावर मी चाळीस वर्षं कपडे आपटले. पाणी कधी वाहून गेलेलं दिसलं नाही, सगळं खालीच मुरायचं. कुठं जायचं एवढं पाणी? दगडावर रेघा होत्या, मला वाटलं नक्षी. सायलीनं आज साबणाचा थर खरवडून वाचलं. वर त्याचं नाव, खाली मराठीत, 'दगड हलवू नये.'

उद्या दुपारी ती माणसं आणून दगड उचलणार.

"आजी, भूतबीत काही नसतं गं."

"नसेल. पण लिहिणारा माझ्यासारखा अडाणी नव्हता ना?"

हसली. 

मग मी तिला तिच्याच नावानं लिहायला सांगितलं, 'उद्या मी दगडाला हात लावणार नाही.' लिहिलं म्हणते. वाचून दाखव म्हटलं, तर नेमकी तेवढी ओळ गाळते.

मला वाचता येत नाही. ऐकू येतं.