परागचा न घसरणारा टॉवेल

सुरत, रविवार दुपार

ती. सरलाताईस,

अरविंदचा शि. सा. न. तुझे गुडघे, दाजींची साखर (रक्तातली, कारखान्यातल्या साखरेची काळजी त्यांनी निवृत्त झाल्यावर सोडली असं कळलं) आणि नातीचे दात आपापल्या जागी ठीक असावेत. आम्ही सगळे इथे बरे आहोत. बारडोली इथून तासाभरावर असताना अरविंद पत्र कशाला लिहितो, असं तू म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून. शिवाय ही हकिकत सलग सांगायची आहे आणि सांगताना तुझा चेहरा पाहायचा नाही.

योगराज तुला आठवत असेल. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतो, मूळचा धुळ्याकडचा, तीस वर्षं प्रोसेसिंग मिलमध्ये कापड धुण्या-रंगवण्याच्या खात्यात काढलेली. अकरा वर्षं रोज सकाळी साडेसहाला तो खालून हाक मारायचा आणि आम्ही पर्वत पाटियाच्या चौकापर्यंत चालत जाऊन चहा पिऊन यायचो. मी बोलायचो, तो ऐकायचा. अशी जोडी जमायला पूर्वपुण्य लागतं. (सुरेखाला ते छत्तीस वर्षांत साधलेलं नाही.) गेल्या जूनमध्ये समोरच्या विंगेत पराग नावाचा गृहस्थ भाड्याने राहायला आला. विमा कंपनीत नोकरी, वय अठ्ठेचाळीस, पोट नाही. पंधरा दिवसांत त्याने योगराजला सोसायटीच्या हॉलमधल्या योगवर्गाला नेलं आणि एका सकाळी खालून हाक आलीच नाही. मी साडेसातपर्यंत बूट घालून बसलो होतो.

मत्सर माझ्या स्वभावात नाही, हे तू जाणतेसच. मी केवळ पाठीच्या कण्यासाठी वर्गात नाव घातलं. तिथे पाहतो तर योगराजच्या एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला पराग. मला जागा मागच्या रांगेत, पंख्याच्या वाऱ्याबाहेर. सुरतेत सकाळी सातलाच अंगाला पाणी सुटतं. डोकं खाली आणि कंबर वर करून उभं राहायला सांगितलं की सगळ्यांचे तळहात मॅटवरून सुटायचे. पराग मात्र जागचा हलायचा नाही, कारण त्याच्या मॅटवर एक निळा टॉवेल अंथरलेला असे, खालच्या बाजूने रबराचे बारीक ठिपके असलेला. योगराजने एकदा त्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "माल चांगला आहे." ताई, अकरा वर्षांत माझ्या कुठल्याही वस्तूला तो चांगलं म्हणालेला नाही.

कापडाच्या गावात राहून टॉवेल ऑनलाइन काय मागवायचा, म्हणून मी बाजारात चेतनच्या दुकानी गेलो. त्याने काढलेला टॉवेल मला पसंत पडला. तो बिचारा म्हणत होता, "काका, आ तो गाडी लूछवानुं कापड छे." मी म्हटलं, गाडी पुसली जाते तर घामही पुसला जाईल. घाम पुसला गेला, पण टॉवेल मॅटवर ठरेना. मग आमच्या सुनेने, अमृताने, मोबाइलवरून ठिपक्यांचा मागवून दिला. मी तो ठिपके वर करून अंथरला, कारण पकड हवी होती माझ्या पायांना, मॅटला नव्हे. दुसऱ्याच आसनात टॉवेलसकट मी थेट परागच्या तांब्याच्या बाटलीपर्यंत गेलो. शिकवणारी पूजा ओरडली, "काका, ठिपके खाली!" पराग आणि योगराज हसले. हसल्याचं मला काही नाही. दोघं एकमेकांकडे बघून हसले, त्याचं आहे.

पुढे मी शिकलो. ठिपके खाली, आणि जिथे हातपाय टेकतात तिथे आधी चार थेंब पाणी शिंपडायचं; हे कापड कोरडं असताना घसरतं आणि ओलसर झालं की धरतं. तीन दिवस मी खांबासारखा उभा राहिलो. चौथ्या दिवसासाठी परागच्या टॉवेलपेक्षा आपला अधिक मऊ आणि सुगंधी असावा, म्हणून धुताना सुरेखाचं कपडे मऊ करायचं गुलाबी औषध ओतलं आणि वर इस्त्री फिरवली. सकाळी नाकावर पडलो. अमृताने लेबल वाचून दाखवलं : गार पाणी, थोडी पावडर, सावलीत वाळवणं, इस्त्री नको, सॉफ्टनर तर कधीच नको, त्याने धाग्यावर थर बसतो आणि पकड जाते. (इस्त्रीला चिकटलेले ठिपके नंतर सुरेखाच्या अबोली साडीवर उठले. तो विषय घरात अजून चालू आहे.)

आता पुढचं दाजींना वाचून दाखवू नकोस. परागने मला विचारलं, "काका, तुमच्या टॉवेलला वास किती छान येतो, काय घालता?" मी म्हटलं, द्या, तुमचाही धुऊन आणतो. आणि ताई, मी अर्धी बाटली ओतली. तो एकदा, फक्त एकदा, योगराजसमोर आपटावा, एवढीच इच्छा होती. दुसऱ्या दिवशी परागने टॉवेल उघडला, हुंगला आणि योगराजपुढे धरला. "आज तुम्ही वापरा." (याला लोक दिलदारपणा म्हणतात. मी आगाऊपणा म्हणतो.) मला ओरडता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. योगराजचे हात सुटले, मनगटाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत आला. पराग त्याला स्कूटरवर बसवून डॉक्टरकडे घेऊन गेला आणि मी परागची तांब्याची बाटली हातात धरून हॉलमध्ये उभा राहिलो.

संध्याकाळी योगराजकडे गेलो. हाड मोडलं नव्हतं, पण पट्टा बांधलेला. सुषमावहिनींनी चहा दिला. मी सुरतेच्या दमट हवेवर बोलू लागलो. त्याने शेजारी पडलेला परागचा निळा टॉवेल उचलला, नाकाला लावला आणि म्हणाला, "काब्र करं रे भो असं?" (राग आला की तो अहिराणीवर येतो. का केलंस, असं विचारत होता.) मग शांतपणे म्हणाला, "मिलमध्ये तीस वर्षं कापडाला सॉफ्टनर मीच लावायचो. हात टेकला तेव्हाच कळलं."

"परागला सांगितलंस?"

"नाही."

त्या 'नाही'ने माझा धीर सुटला. मी म्हटलं, तू हाक मारायची बंद का केलीस? तो म्हणाला, "तूच रोज सांगायचास ना, गुडघे दुखतात, आता चालवत नाही. मला वाटलं, माझ्यासाठी ओढत येतोस." ताई, खरं आहे. दोन वर्षं रोज सांगत होतो. पण ते चालता चालता सांगायचं असतं!

इलाजही त्यानेच सांगितला : पाण्यात थोडं व्हिनेगर घालून तीनदा धुवायचं. मी गच्चीवर धूत होतो आणि तो खुर्चीत बसून "पीळ नको, दाब" म्हणत होता. पकड परत आली. परागला यातलं काही ठाऊक नाही. त्याने वर्गभर कौतुक केलं की काका स्वतः हाताने धुऊन देतात. परिणामी आता दर रविवारी माझ्याकडे सात टॉवेल येतात. पण ते दोन तास गच्चीवर आम्ही दोघंच. मी बोलतो, तो ऐकतो. गेल्या रविवारपासून मात्र पराग स्वतःचं स्टूल आणि डबाभर पोहे घेऊन वर येऊ लागला आहे. पोहे चांगले असतात. माणूसही चांगला आहे. हेच फार अवघड जातं.

दाजींना नमस्कार, नातीला पापा.

तुझा धाकटा
अरविंद

ता. क. : परागचा घरमालक फ्लॅट विकतो आहे, त्यामुळे परागला जागा हवी. तुमच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत ना? निर्व्यसनी, नीटनेटका, आणि विम्याच्या कामाला त्याला बारडोलीला यावंच लागतं. पत्र मिळताच कळव. (पत्र खरं यासाठीच लिहायला घेतलं होतं, वरचं सगळं ओघात आलं.)

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवण्याआधी योगराजने वरचा ता. क. वाचला. त्याला फारच आवडला. म्हणतो, मग दर रविवारी सकाळच्या बसने आपण बारडोलीला जाऊ, परागकडे. तेव्हा ताई, परागने विचारलं तर तुमच्या खोल्या आधीच दिल्या गेल्या आहेत. कुणाला, ते तू ठरव.