उजव्या पायाची एकच टाचणी

प्रति,
मा. सरकारी वकील,
सत्र न्यायालय

विषय : माझ्या वडिलांच्या खुनाच्या खटल्यात आरोपीची पँट आज संध्याकाळच्या आत जप्त करण्याबाबत.
संदर्भ : स्वसंरक्षणाचा बचाव घेणारा आरोपीचा जबाब.

महोदय,

मी मयत शिंप्याची मुलगी. आरोपी आमच्याच गल्लीतला असून जामिनावर बाहेर आहे. तो म्हणतो, तो काही शिवून घ्यायला आलाच नव्हता. दुकानाच्या दारात उभा असताना वडील शिव्या देत, कात्री उगारून धावून आले आणि जीव वाचवण्यासाठी त्याने हाताला लागलेली इस्त्री मारली.

घाव डोक्याच्या मागे, वरून बसलेला आहे. त्याचे वकील म्हणतात, झटापटीत माणूस वळतो. वळत असेल. परंतु शवविच्छेदनात वडिलांच्या दातांत दोन टाचण्या सापडल्या, त्याविषयी डॉक्टरांना कोणी विचारले नाही. पँटची उंची आखताना वडील गिऱ्हाइकाच्या पायाशी बसत आणि टाचण्या दातांत धरत. आईने जेवायला हाक मारली तरी नुसते "हं" येई. "तेवढाच वेळ घरात शांतता," असे ती म्हणे. त्या तोंडाने शिव्या देता येत नाहीत.

काल आरोपी दुकानात आला. मी एकटीच होते. त्याने पिशवीतून पँट काढून टेबलावर टाकली. "ताई, बाबांचं काम अर्धवट राहिलंय, तू पुरं कर. उद्या संध्याकाळी न्यायला येतो. आणि सोमवारी कोर्टात कशाला येतेस? दुकान सांभाळ की." तो मला घाबरवायला आला होता. मी घाबरले. बराच वेळ पँटला हात लावला नाही.

मग पाहिली. वडील प्रत्येक पायाला तीन टाचण्या लावत. डाव्या पायाला तीन आहेत. उजव्याला एकच आहे. उरलेल्या दोन कुठे होत्या, ते अहवालात लिहिले आहे.

चौकीत फोन केला. "कोर्टातलं प्रकरण आहे, वकिलांना विचारा," असे उत्तर मिळाले. मी स्वतः आले असते, पण सकाळपासून तो कोपऱ्यावर उभा आहे. म्हणून हा अर्ज शेजारच्या काकूंबरोबर, शिवून झालेल्या कपड्यांच्या घडीत पाठवत आहे. पँट पंचांसमक्ष जप्त व्हावी आणि डॉक्टरांना पुन्हा साक्षीस बोलवावे, ही विनंती. संध्याकाळी तो आल्यावर पँट देत नाही असे कसे म्हणायचे, हे मला सुचत नाही.

आपल्या माणसांची वाट पाहणारी,
मयताची मुलगी
शनिवार, दुपार

सोबत : शवविच्छेदन अहवालाची प्रत.
पँट जोडलेली नाही. उजव्या पायाची ती एक टाचणी सैल झाली आहे, आता हलवली तर पडेल. पँट टेबलावरच आहे, आणि मी तिच्याजवळ बसले आहे.