ऑडिट सोडू नकोस

खारूताई,

मी डॉक्टरांना गुडघा दाखवून तशीच दुकानात जाईन. जेवण झाकून ठेवलं आहे, गरम करून घे.

सकाळी तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा तुझ्या मैत्रिणीचा फोन आला. शेवटच्या वर्षाला तू ऑडिट सोडून ‘कौटुंबिक व्यवसाय’ हा विषय घेतलास, हे तिच्याकडून कळलं. कारण विचारत नाही. माझा गुडघा आणि आपलं फर्निचरचं दुकान, दोन्ही मला ठाऊक आहेत.

पण पोरी, विषय निवडताना बाकीचे सोपा पेपर कुठला याची चौकशी करत होते, तेव्हा प्रत्येक विषयाच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसणारी तू एकटीच होतीस. ऑडिटच्या तासावरून आलीस ती चप्पल न काढताच सांगत सुटलीस, “आत्या, कागदावर शंभर खुर्च्या असल्या, तरी गोदामात जाऊन स्वतः मोजायच्या असतात!” तुझा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. एवढ्या कसोशीने निवड करणारी मुलगी आपल्या घरातली आहे, याचं मला फार कौतुक वाटलं.

दुकानात मदतीला मी माणूस ठरवला आहे. तो सोमवारपासून येईल.

आज संध्याकाळपर्यंत विषय बदलता येतो म्हणे. बदल. माझ्यासाठी काही करायचंच असेल, तर त्या तासाला काय शिकवलं ते रोज येऊन मला सांगत जा. मला कॉलेजात कुणी पाठवलं नाही, पण ऐकायला अजून उशीर झालेला नाही.

आत्या