प्लास्टिकच्या माणसाचं नाव

१ जानेवारी
संकल्प. नर्स व्हायचं. साधी नाही, थेट मास्टर्स. वीस महिन्यांत. बॉनीला एवढ्यात सांगायचं नाही.

कार्पेट कंपनीत सतरा वर्षं मॅनेजर होतो. नारळ द्यायला त्यांना सतरा मिनिटं लागली. बरंच झालं. दुसऱ्याच विषयात पदवी घेतलेल्या हुशार लोकांसाठी नर्सिंगचा हा झटपट कोर्स असतो. माझी पदवी इतिहासाची. ज्या डोक्यानं रोमन साम्राज्य पचवलं त्याला सलाइन कसलं अवघड?

१ जानेवारी, संध्याकाळ
बॉनीला सांगितलं. माझी थोरली बहीण. दोन वर्षांचा कोर्स करून चोवीस वर्षं इथे टोलेडोतच इमर्जन्सीत नर्स आहे. हसली. म्हणाली, "गॅरी, तुला रक्त बघून घेरी येते." एकदाच आली होती, आणि ती उन्हानं. मी मास्टर्स झाल्यावर ही माझ्या हाताखाली आली तर चांगलं वागवीन. बहुतेक.

१९ जानेवारी
अर्जासोबत निबंध. 'मला नर्स का व्हायचंय?' लिहिलं, आईच्या शेवटच्या अकरा दिवसांत मी तिची शुश्रूषा केली. दोनदा मोठ्यानं वाचला. बॉनीला दाखवला. म्हणाली, "तू कॉफी आणत होतास."

मी म्हटलं, तीही सेवाच. ती म्हणाली, "होच मुळी. सगळ्यांना गरम मिळायची. तेच लिही ना." नाही लिहिलं. कॉफीवर कोण प्रवेश देतं?

खरं तर त्या अकरा दिवसांत मला कोणी दुसरं काही करूच दिलं नाही. बॉनी आत, मी कॉरिडॉरमध्ये. आत काहीतरी व्हायचं, सगळे धावायचे, आणि मला वाटेतून बाजूला करायचे. ते मी विसरलेलो नाही. पुन्हा मला कोणी बाजूला करणार नाही.

२ फेब्रुवारी
शिफारसपत्र जुन्या साहेबाकडून, रँडलकडून. प्रत पाठवली त्यानं. 'सतरा वर्षांत गॅरेटनं (म्हणजे मी) एकदाही स्वतःची चूक मान्य केल्याचं मला आठवत नाही.' माणूस नालायक, पण खरं ते लिहिलंन.

११ मार्च
सात कॉलेजांपैकी सहांचा नकार. सहांनाही उलट पत्रं लिहिली, त्यांचं नुकसान कसं झालं ते समजावून. एकानं उत्तर दिलं. पुन्हा लिहू नका म्हणे.

प्रवेशाआधी द्यावी लागते त्या शरीररचनेच्या परीक्षेत जेमतेम पास. मास्तर तिशीचा, त्याला काय कळतंय. पायातली हाडं मी क्रमानं नाही, महत्त्वानुसार लिहिली होती.

१४ एप्रिल
सातव्या कॉलेजात इंटरव्ह्यू. समोर मिसेस कुहार. पांढरे केस, पांढरे बूट, चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही. म्हणाल्या, "तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा." प्रामाणिकपणे म्हटलं, आठवत नाही. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होत्या. छाप पडली.

२ मे
वेटिंग लिस्ट. नंबर अकरा.

९ ऑगस्ट
मिळाली जागा! माझ्या पुढच्या दहाही जणांनी दुसरीकडे प्रवेश घेतले. शेवटी खरा असतो तोच टिकतो.
बॉनीनं तिचा जुना स्टेथोस्कोप दिला. घासला गेलाय. घेतला. नवा आणीनच.

२६ ऑगस्ट
वर्गात बत्तीस जण. बाकी सगळी पोरं-पोरी. मी त्रेचाळीस. एकीनं मला सर समजून वेळापत्रक विचारलं. सांगितलं. चुकीचं निघालं. त्यात माझा काय दोष?

जोडीदार म्हणून ब्रिएल नावाची तेवीस वर्षांची मुलगी दिलीय. प्रत्येक गोष्ट वहीत लिहिते. नुसती पोपटपंची.

१२ सप्टेंबर
आज हद्द झाली. प्रात्यक्षिकाच्या खोलीत पलंगांवर प्लास्टिकची माणसं. पेशंट म्हणून. परीक्षा म्हणजे जे करायचं ते मोठ्यानं बोलत करायचं: "मी हात धुतो आहे." मग त्या बाहुल्याला विचारायचं, "तुमचं पूर्ण नाव? जन्मतारीख?" आणि त्याच्या मनगटावरच्या पट्ट्याशी ताडून बघायचं. ब्रिएलनं अगदी वाकून, प्रेमानं विचारलं. लाज कशी वाटत नाही!

मी विचारलं नाही. थेट बीपी घेतलं. मिसेस कुहारनी हात वर केला. "नापास." मी म्हटलं, बाई, तो प्लास्टिकचा आहे, आणि खोलीत एकटाच आहे. त्या म्हणाल्या, "मिस्टर प्रुइट, सवय प्लास्टिकवरच लागते. माणसावर लागेपर्यंत माणूस गेलेला असतो."

उंटावरच्या शहाण्या. सतरा वर्षं गिऱ्हाइकं हाताळली मी. दारातून माणूस आत आला की ओळखायचो, याला बेज लागणार की तपकिरी.

१९ सप्टेंबर
दुसऱ्यांदा नापास. विचारलं नाव, पण मिसेस कुहार म्हणतात टोमण्याच्या सुरात विचारलं. बाहुल्यानं तक्रार केली वाटतं.
लेखी ताकीद. पहिली.

२६ सप्टेंबर
पास. बाहुल्याचं नाव हेन्री. देवा, काय दिवस आले.

३ ऑक्टोबर
हॉस्पिटलात पहिला दिवस. सकाळी साडेसहाला हजर राहायचं. सहा पन्नासला पोहोचलो, म्हणजे जवळजवळ वेळेवरच. ताकीद, दुसरी. तिसरी मिळाली की जागा गेली म्हणे. बघू.

काम काय, तर अंथरूण बदलणं. शौचाचं भांडं देणं. एका म्हातारीनं मला "अहो सफाईवाले" म्हणून हाक मारली. मी तिला मास्टर्स म्हणजे काय ते समजावलं. ती झोपली.

रात्री बॉनीचा फोन. "कसं चाललंय?" उत्तम, म्हटलं. ती म्हणाली, "नाव विचारतोस ना रे?" हिलाही तेच! सगळ्या एकाच कारखान्यातून निघाल्यात.

१७ ऑक्टोबर, दुपार
आज मी एक जीव वाचवला. सविस्तर लिहितो, पुढेमागे लागेल.

खोली बाराचे पेशंट, मिस्टर हॅवरकँप. सत्तरीचे. त्यांना आंघोळ घालायची, बीपी-ताप बघून फाइलमध्ये लिहायचं. मी गेलो तर गृहस्थ पांघरूण ओढून गाढ झोपलेले. पायात बूट. म्हटलं, असतील शौकीन. ब्रिएल दारातून कुजबुजली, "नाव विचारा ना." मी तिला टॉवेल आणायला पिटाळलं. झोपलेल्या माणसाला उठवून नाव विचारायचं, ही कुठली माणुसकी?

बूट काढले. पुसून आंघोळ घातली. मध्येच ते जागे झाले, पण एक शब्द बोलले नाहीत, उलट पाठ वळवून दिली. मग बीपी. एकशे शहाण्णव, एकशे बारा! फाइलमध्ये लिहिलं आणि ड्यूटीवरच्या नर्सला धावत जाऊन सांगितलं. ती गोळी घेऊन धावली. सगळे धावले. आणि या वेळी मीही धावत होतो. मला कोणी बाजूला केलं नाही.

आईनं बघायला हवं होतं.

१७ ऑक्टोबर, संध्याकाळ
थोडा गैरसमज झालाय.
खोली बाराचे खरे मिस्टर हॅवरकँप एक्सरेला गेले होते. पलंगावर त्यांचा भाऊ होता. रातोरात गाडी हाकत आला, आणि रिकामा पलंग दिसला म्हणून जरा आडवा झाला. मनगटावर पट्टा नव्हता हे खरं. मी बुटांकडे बघत होतो.

तेवढ्यात खरे परतले. त्यांचं बीपी मुळातच खाली. नर्सच्या हातात गोळी, फाइलमध्ये माझा आकडा. गोळी द्यायच्या आधी तिनं खऱ्यांना नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, पट्टा बघितला. ते म्हणाले, मी तर आत्ता एक्सरेहून येतोय, माझं बीपी घेतलं कोणी? मग भावाकडे बघितलं. तो म्हणाला, "इथली सोय फार छान आहे. मला तर आंघोळही घातली."

मिसेस कुहार ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी ऐकवलं असतं. हळू म्हणाल्या, "ती गोळी त्यांच्या पोटात गेली असती तर आज त्यांच्या भावाला आपण काय सांगितलं असतं, मिस्टर प्रुइट?"

मी म्हटलं, भावाचं बीपी कोणी शोधलं? तो आता खाली इमर्जन्सीत आहे, जिवंत आहे, कुणामुळे? त्यांनी तिसरी ताकीद टाइप करायला सांगितली.

२४ ऑक्टोबर
समितीपुढे पंचवीस मिनिटं बोललो. त्यांनी एकच विचारलं, चूक मान्य आहे का. मी म्हटलं, चुका व्यवस्थेच्या असतात.
काढलं.
ब्रिएलनं चिठ्ठी दिली. 'तुम्ही आंघोळ खरंच छान घातलीत.' उद्धट पोरगी. जपून ठेवलीय.

८ नोव्हेंबर
नवी योजना: फिजिओथेरपी. नाहीतर दंतवैद्यक. दातांना नावं नसतात.
बॉनीला अजून सांगितलेलं नाही. अभ्यास जोरात चाललाय म्हणतो.

२१ नोव्हेंबर
सकाळपासून डोकं ठणकत होतं. घरच्या बीपीच्या यंत्रानं आणि बॉनीच्या स्टेथोस्कोपनं स्वतःचं बीपी घेतलं. एकशे अठ्ठ्याऐंशी. तीनदा घेतलं. यंत्र खराब. मग डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि शेजाऱ्यानं गाडीत घातलं.

इमर्जन्सी. पडदा सरकला. बॉनी.
म्हणाली, "पूर्ण नाव?"
मी म्हटलं, बॉनी, वेड लागलंय का?
"पूर्ण नाव. जन्मतारीख. मागे सहा जण आहेत."

मी म्हटलं, आपण एका टबात आंघोळ केलीय. ती म्हणाली, "आईलाही रोज विचारायचे मी. अकराही दिवस. शेवटी शेवटी म्हणायची, 'तुला नसेल ठाऊक तर कुणाला असणार गं?' आणि तरी सांगायची."

हे मला माहीत नव्हतं. मी कॉफी आणायला गेलेलो असणार.

गॅरेट वेंडेल प्रुइट, म्हटलं. जन्मतारीख सांगितली. तिनं पट्टा ताडून बघितला, अगदी परक्याचा बघावा तसा, आणि मनगटाला बांधला. मग फॉर्म. व्यवसाय काय लिहू, तिनं विचारलं. विद्यार्थी म्हणणार होतो. तिचं पेन थांबलेलं. तिला माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे.
म्हटलं, कार्पेट.
तिनं लिहिलं.

दुपारी तीन
गोळी दिली. देण्यापूर्वी पुन्हा नाव विचारलं. सांगितलं, टोमण्याशिवाय.
तिची ड्यूटी संपायला अजून चार तास. सकाळपासून उभीच आहे. कॉफी आणू का, विचारलं. म्हणाली, पट्टा बांधलेल्या माणसानं पलंगावरून उठायचं नसतं.