उलट्या चकत्या

४ मार्च
पोचले एकदाची! खोली छोटी, पण हवेशीर. शेजारच्या मावशींनी सामान उचलायला सुनेला धाडलं, वर स्वतः येऊन खिडकी पुसून दिली. त्यांचा मुलगा इथेच मुकादम आहे. जुन्या कचऱ्यावर माती ओढून कामगारांच्या खोल्या बांधल्यात. इथल्या जमिनीतून उष्णता किती आणि कुठल्या दिशेने वाहते, हे मोजायचं माझं काम. त्यासाठीच्या स्वस्त चकत्या मीच बनवल्यात: मध्ये राळ, वर-खाली तापमानाचा एकेक सेन्सर. लेकरांसारखं जपून आणलंय त्यांना.

९ मार्च
चकत्या पुरून झाल्या. भर दुपारी ऊब वरून खाली मुरायला हवी. मावशींच्या ओळीत उलटंच, खालून वर येतेय! इथले साहेब हसले. स्वस्तातला माल असाच, म्हणाले. तळपायाची आग मस्तकात गेली.

१३ मार्च
साहेबांचीच महागडी चकती शेजारी पुरली. आकडा तोच. खाली कचरा धुमसतोय, आतून जमीन पोखरत ती आग रोज पुढे सरकतेय. मावशी मात्र खूश: अंगणात पसरलेले कपडे म्हणे हल्ली खालच्या बाजूने आधी वाळतात. मला हसू आलं नाही.

१६ मार्च
साहेबांनी चकत्या उलट्या पुरायला सांगितल्या. म्हणजे आकड्यापुढचं अधिक-उण्याचं चिन्ह बदलेल आणि तपासणीवाल्यांना सगळं आलबेल दिसेल. मी साफ नाही म्हटलं. संध्याकाळी बघते तर माणसं लावून उलट्या करून टाकल्या! मेल्यांनो, वर माणसं राहतात!

१७ मार्च
साहेबांचा ड्रायव्हर बोलून गेला. साहेबही याच ओळीत राहायचे. गेल्या महिन्यात बायकोमुलांना गुपचूप हलवलं. माहीत होतं. या माणसाला माहीत होतं!

१८ मार्च
दारोदार सांगत फिरले. मुकादम अंगावर आला, आमच्या नोकऱ्या घालवशील म्हणाला. साहेबांनी मला काढून टाकलं. काढ. चकत्या उकरून सरळ केल्या. हात भाजला — मातीने.

१९ मार्च, सकाळ
भिंतीला चीर. ती बघून मुकादमाचं तोंड उतरलं. ओळ भराभर रिकामी होतेय. साहेब फोन उचलत नाही. नीच —

दुपार
मुकादम बायकोला सुरक्षित जागी पोचवून मावशींना न्यायला येतोय. मी मावशींच्या उंबऱ्यावर. आत्ताच चला म्हटलं, ओरडले — तर म्हणाल्या, “अगं, तो येईस्तोवर चहा टाकते, दोन घोट घेऊन निघू.” दारातली चकती — आकडा चढतोय — थांबतच नाही —

आत भांडं पडलं.

नाही. भांडं नव्हे. स्वयंपाकघराची फरशी —

मावशी, हात द्या, हा